ऑटोक्रॉस: टायरची रुंदी व चाकांची जुळणी

ऑटोक्रॉस हा मोकळ्या फरसबंद मैदानावर प्लॅस्टिकचे शंकू मांडून आखलेल्या वळणदार मार्गावर एकेका मोटारगाडीने वेळेशी केलेल्या शर्यतीचा प्रकार आहे. या शर्यतीसाठी रिमला व गाडीला साजेसा टायर निवडणे आणि रिमची रुंदी, व्यास व ऑफसेट गाडीच्या रचनेशी जुळवणे यास टायर व चाकांची जुळणी असे म्हणतात. हौशी स्पर्धकाच्या गाडीत केलेल्या बदलांपैकी वेळेवर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या बदलांत याची गणना होते. चुकीच्या जुळणीमुळे खर्च वाया जातो, गाडी नियमबाह्य ठरू शकते, तसेच टायर सस्पेन्शनला किंवा मडगार्डला घासून फाटण्याचा धोकाही असतो.

स्पर्धेचे स्वरूप

अमेरिकेत हा खेळ प्रामुख्याने १९४४ साली स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या 'सोलो' या नावाने चालतो. वाहनतळ किंवा वापरात नसलेल्या धावपट्ट्या यांवर मार्ग आखला जातो. एक फेरी साधारणतः एका मिनिटाची असते. पाडलेल्या प्रत्येक शंकूमागे वेळेत २ सेकंद वाढवले जातात. वेग महामार्गावरील वेगापेक्षा सहसा अधिक नसतो. मात्र वळणे लागोपाठ व तीव्र असतात. त्यामुळे इंजिनाच्या शक्तीपेक्षा टायरच्या पकडीला अधिक महत्त्व येते.

टायरवरील अंकांचा अर्थ

टायरच्या बाजूवर '२०५/५० आर १५' अशा प्रकारची नोंद असते. त्यातील २०५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ५० ही बाजूच्या उंचीची रुंदीशी असलेली टक्केवारी, 'आर' हे रेडियल रचनेचे चिन्ह आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. येथील रुंदी म्हणजे फुगवलेल्या टायरच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतचे अंतर होय. जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याची रुंदी त्याहून कमी असते. म्हणून समान अंक असलेले दोन उत्पादकांचे टायर प्रत्यक्षात कमीअधिक रुंद भरू शकतात.

रुंदीचा पकडीवर होणारा परिणाम

रुंद टायरचे जमिनीशी असलेले स्पर्शक्षेत्र त्याच प्रमाणात मोठे असते, हा समज प्रचलित आहे. वस्तुतः स्पर्शक्षेत्र हे ढोबळमानाने चाकावरील भार भागिले हवेचा दाब इतके असते. १,००० किलो वजनाच्या गाडीच्या एका चाकावर सुमारे २५० किलो भार येतो. दाब प्रति चौरस सेंटिमीटरला २ किलो असल्यास स्पर्शक्षेत्र सुमारे १२५ चौरस सेंटिमीटर भरते. दाब तोच ठेवून टायर रुंद केल्यास हे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही, त्याचा आकार मात्र बदलतो. ते रुंदीला अधिक व लांबीला कमी होते.

रुंद टायरचा लाभ अन्य कारणांनी होतो. टायरवरील भार वाढला की पकडही वाढते, परंतु भाराच्या प्रमाणात वाढत नाही. वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या चाकांवर सरकते, तेव्हा रुंद टायर हा वाढीव भार अधिक चांगल्या रीतीने पेलतो. शिवाय त्यातील रबर अधिक असल्यामुळे तो लवकर अतितप्त होत नाही.

तोटेही आहेत. रुंद टायर व रिम अधिक जड असतात. फेरी अल्प काळाची असल्यामुळे, विशेषतः थंड हवेत व हलक्या गाडीवर, रुंद टायर कार्यक्षम तापमानाला पोहोचण्यापूर्वीच फेरी संपू शकते. अशा वेळी अरुंद परंतु लवकर तापणारा टायर सरस ठरू शकतो.

रिमची रुंदी

टायरला त्याच्या रुंदीस अनुरूप रिमचा आधार आवश्यक असतो. अरुंद रिमवर रुंद टायर बसवल्यास त्याच्या बाजू आत खेचल्या जातात, वळणावर टायर रिमवर डोलतो आणि सुकाणूला गाडीचा प्रतिसाद मंदावतो. टायर उत्पादक प्रत्येक मापासाठी रिमच्या रुंदीची मर्यादा देतात. '२०५/५० आर १५' साठी ती ५.५ ते ७.५ इंच, तर '२२५/४५ आर १५' साठी ७ ते ८.५ इंच असते. रिम अर्ध्या इंचाने रुंद केल्यास तोच टायर सुमारे ५ मिमीने अधिक रुंद भरतो.

ऑफसेट व इतर मापे

रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतरास ऑफसेट म्हणतात. ऑफसेट कमी केल्यास चाक बाहेर सरकते, वाढवल्यास आत सरकते. चाक फार बाहेर गेल्यास ते मडगार्डला घासते, बेअरिंगवरील ताण वाढतो आणि सुकाणूला झटके बसतात. फार आत गेल्यास ते स्प्रिंग वा सस्पेन्शनला घासते. याखेरीज बोल्टची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या छिद्राचे माप आणि ब्रेक कॅलिपरसाठी असलेली जागा हेही जुळावे लागते.

उदाहरण

१९८९ साली आलेली पहिल्या पिढीची माझदा मियाता ही या खेळातील लोकप्रिय गाडी आहे. तिची मूळ रिम १४ इंच व्यासाची, ५.५ इंच रुंद व ४५ मिमी ऑफसेटची असून टायर '१८५/६० आर १४' मापाचा आहे. बोल्ट ४ असून त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी आहे.

मूळ टायरचा एकूण व्यास असा निघतो: १८५ च्या ६० टक्के म्हणजे १११ मिमी, त्याची दुप्पट २२२ मिमी, त्यात रिमचे ३५५.६ मिमी मिळवून ५७७.६ मिमी. याच रीतीने '२२५/४५ आर १५' चा व्यास ५८३.५ मिमी येतो. फरक सुमारे १ टक्का असल्यामुळे गिअरच्या गुणोत्तरावर व वेगदर्शकावर नगण्य परिणाम होतो.

या टायरसाठी ७.५ इंच रुंद व ३५ मिमी ऑफसेटची रिम घेतली असे समजू. रुंदी २ इंचांनी वाढल्यामुळे प्रत्येक बाजूस २५.४ मिमी वाढ होते. ऑफसेट १० मिमीने घटल्यामुळे संपूर्ण चाक तेवढे बाहेर सरकते. परिणामी आतील कडा १५.४ मिमी आत, तर बाहेरील कडा ३५.४ मिमी बाहेर जाते. एवढी जागा गाडीत आहे किंवा नाही, हे खरेदीपूर्वी मोजले पाहिजे. वाढवलेला ऋण कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणे, बाहेरची जागा मिळवण्यास साहाय्य करतो.

नियमांचे बंधन

सोलोच्या 'स्ट्रीट' विभागात रिमची रुंदी मूळ गाडीइतकीच ठेवावी लागते. व्यास मात्र १ इंचाने कमी वा अधिक चालतो. टायर किमान २०० झीज-अंकाचा असावा लागतो. त्यामुळे या विभागातील उपरोक्त मियाताला ५.५ इंचांचीच रिम वापरावी लागते. '२०५/५० आर १५' हा टायर तीवर मर्यादेच्या खालच्या टोकाला बसतो, तर '२२५/४५ आर १५' उत्पादकाच्या मर्यादेबाहेर जातो. 'स्ट्रीट टुरिंग' विभागात रुंद रिमला वाव आहे. तेथे प्रत्येक वर्गासाठी टायर व रिम यांची कमाल रुंदी ठरवून दिलेली असते. नियमावली दरवर्षी प्रसिद्ध होत असल्याने खरेदीपूर्वी चालू आवृत्ती पाहणे आवश्यक असते.

निवडीचा क्रम

प्रथम वर्ग निश्चित करावा, नंतर नियमांत व गाडीत मावणारी रिम ठरवावी आणि शेवटी त्या रिमला अनुरूप टायर निवडावा. टायर आधी घेऊन रिम नंतर शोधल्यास खर्च दुप्पट होण्याचा संभव असतो. चाके बसवल्यावर सुकाणू दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून व सस्पेन्शन पूर्ण दाबून कोठे घर्षण होते का, हे तपासावे. स्थिर उभ्या गाडीत दिसणारी जागा वळणावर उरत नाही.

अन्य देशांतील स्वरूप

ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस हे नाव गवताच्या वा कच्च्या मैदानावरील शर्यतीस दिले जाते. भारतात फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था मोटार शर्यतींचे नियमन करते. येथेही ऑटोक्रॉस अनेकदा मातीच्या मार्गावर होते. सैल मातीत टायरने वरचा थर कापून खालच्या कठीण थराला टेकणे हितकारक असल्याने तेथे अरुंद व खोल नक्षीचे टायर उपयुक्त ठरतात. त्यामुळे डांबरी वा काँक्रीटच्या मैदानासाठीचे उपरोक्त निष्कर्ष मातीवरील स्पर्धेस जसेच्या तसे लागू होत नाहीत.