शिरगावच्या होमकुंडात जळते काय?

लाकूड पेटले असे आपण म्हणतो, पण ज्वाला लाकडाची नसतेच. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या शिरगावात, वैशाख शुद्ध पंचमीला, श्री लईराई देवीच्या जत्रेत हे नीट पाहायला मिळते. मध्यरात्रीच्या सुमारास लाकडांची उंच रास पेटते. लाकूड 250-300 अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की त्यातून ज्वलनशील वायू सुटू लागतात. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन जळतात ते हे वायू. त्यांची धग उरलेले लाकूड तापवते आणि आणखी वायू सुटतात. वायू संपले की मागे राहतो कोळसा. त्याला ज्वाला नाही; तो पृष्ठभागावरच धगधगतो.

पहाटेच्या सुमारास धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, अनवाणी निघतात ते या निखाऱ्यांतून. निखारा सहज 500 अंशांच्या वर असतो. श्रद्धेचे बळ काय ते धोंडांनीच सांगावे. भौतिकशास्त्राचे म्हणणे असे की तापमान आणि पायापर्यंत पोचणारी उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कढईचा लोखंडी कान चटका देतो, लाकडी मूठ देत नाही. कोळसा हलका आणि उष्णतेचा मंद वाहक. वर राखेचा थर, आणि पाऊल टेकते ते क्षणभर. रेंगाळले किंवा निखारा बोटांत अडकला, तर मात्र भाजतेच.

याच दिवसांत पेडणे-डिचोलीच्या डोंगरांवरच्या काजूबागायतींना वणव्याचे भय असते. वाळलेले गवत पातळ, चहूबाजूंनी हवा खेळणारे. ठिणगी पडायचा अवकाश! एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 22 लाख ज्यूल उष्णता लागते, शिवाय ती वाफ पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा व्यापून हवेला बाजूला सारते. म्हणून आगीवर पाण्याइतके स्वस्त औषध नाही. पण बंब डोंगर कसा चढणार? मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे पेटले, तेव्हा हेलिकॉप्टरमधून पाणी ओतावे लागले. एरवी माणसे हिरव्या फांद्यांनी आग झोडपतात, म्हणजे तिची हवा तोडतात; किंवा पुढचा पाचोळा ओढून मोकळा पट्टा काढतात, म्हणजे तिचे जळण तोडतात. वनखात्याच्या भाषेत ही जाळरेषा.

ज्वाला विझली तरी काम संपत नाही. बुंध्यांच्या पोकळीत आणि मुळांत निखारा धुमसत राहतो, आणि वाऱ्याची झुळूक आली की शेजारचे गवत पुन्हा पेट घेते. त्यामुळे जळून गेलेली जागा उकरून, भिजवून, हाताला थंड लागेपर्यंत तपासावी लागते.