मांडी नव्हे, सीट

नागपूर-रायपूर हा राष्ट्रीय महामार्ग ५३ साकोलीतून जातो. इथून नागपूरला दवाखान्यात किंवा लग्नाला निघालेल्या कारमध्ये तान्हं बाळ बहुधा आईच्या मांडीवर असतं, तेही पुढच्या सीटवर.

हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटरने धावणारी कार धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे २०० किलोचा जोर लागतो. कुणाच्याच हातांत तो नसतो.

म्हणून चाइल्ड सीट, आणि तीही मागे. युरोपातील नव्या नियमानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं. धक्का पाठभर पसरतो, नाजूक मान वाचते. अशी सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावू नये.

बसवताना आयसोफिक्सच्या, म्हणजे सीट थेट गाडीला जोडणाऱ्या, कड्या 'खट्' वाजेपर्यंत अडकवाव्यात किंवा सीटबेल्ट घट्ट ओढावा. मग बेल्टजवळ धरून हलवावं. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली, तर पुन्हा बसवावी. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत येता कामा नये. हिवाळ्यात जाड स्वेटर काढून पट्टे आवळावेत, वरून शाल पांघरावी.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना बसवल्यास १,००० रुपये दंड आहे.