वाफ सौम्य असते?

वाफेची इस्त्री आणली की कापड करपायची भीती गेली, असं अनेक घरांत धरून चालतात. ते खरं नाही. या इस्त्रीचा तळही साध्या इस्त्रीइतकाच तापतो. सुतीच्या खुणेवर २०० अंश सेल्सियसच्या आसपास. वाफेचं काम वेगळं आहे. ओल मिळाली की सुती धाग्यातले हायड्रोजन बंध सैल होतात, आणि सपाट दाबलेल्या कापडातली ती ओल उडून गेली की ते नव्याने जुळतात. कोळशाची इस्त्री फिरवण्याआधी इस्त्रीवाले पाणी शिंपडतात ते याचसाठी.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे ‘नाजूक कापडाला उष्णता कमी, वाफ भरपूर’. उष्णता कमी ठेवली की तळावर पाण्याची नीट वाफ होत नाही. छिद्रांतून थेंब गळतात आणि रेशमावर डाग उमटतात. लेबलवरच्या इस्त्रीच्या चित्रातलं एक टिंब म्हणजे जास्तीत जास्त ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. एकच टिंब असेल तर वाफ बंदच ठेवा.

पैठणीला मात्र सहसा असं लेबल नसतं. तिथे घाई नको. साडी उलटी करा, वर मलमलचं कोरडं फडकं टाका, उष्णता बेताची ठेवा, वाफ बंद करा. निऱ्यांत आत जाणाऱ्या टोकाचा काठ आधी तपासून बघा. खरी जर चांदीच्या तारेची असते, ती ओलीने काळवंडू शकते. नकली जरीत बरेचदा प्लॅस्टिकची चकचकीत पट्टी असते, ती तापली की आकसते. दोन्हींना वाफ नकोच.

‘पॉलिस्टर दणकट, त्याला काही होत नाही’ हेही चुकीचं. ते वितळतं २५० अंशांच्या पुढे, पण त्याच्या खूप आधी मऊ पडतं. मग कापडावर नको ती चकाकी येते, चुकून पडलेली घडी कायमची बसते. सुती-पॉलिस्टर मिश्र शर्टाला पॉलिस्टरचीच खूण लावायची.

लोकरीला वाफ मानवते, पण इस्त्री घासू नका; दाबा आणि उचला. ओल, उष्णता आणि घर्षण एकत्र आलं की लोकर आटून जाड होते. मखमलीला तळ टेकवूच नये, वरून नुसती वाफ द्यावी.

बोअरवेलच्या जड पाण्याने छिद्रांत क्षार साचतात आणि पांढरे कण कपड्यावर पडतात, म्हणून माहितीपत्रकात सांगितलेलंच पाणी वापरा. टाकीत अत्तर किंवा खळ अजिबात घालू नका. काम झालं की प्लग काढा आणि उरलेलं पाणी ओतून टाका.

अंगावरच्या कपड्याची सुरकुती वाफेने काढायचा मोह अनेकांना होतो. तसं कधीही करू नका. त्वचेवर वाफेचं पाणी होताना दर किलोमागे सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, त्यामुळे वाफेचा चटका उकळत्या पाण्याहूनही खोल जाऊ शकतो. शर्ट उतरवून हँगरला लावा, मगच वाफ द्या.