डाग लपवू नका

शाळांत बोलताना मी मुलांना सांगतो, दहा-बारा वर्षांच्या वयात त्वचेतल्या तेलग्रंथी जाग्या होतात, म्हणून कपाळावर पुटकुळ्या येतात. त्या फोडू नका. साध्या साबणाने दिवसातून दोनदा तोंड धुवा, तेवढे पुरते. गालावरचे कोरडे, पांढुरके चट्टेही बहुधा निरुपद्रवी असतात.

पण एक खूण विसरू नका. डोळे मिटून फिकट किंवा लालसर डागावर कापूस फिरवा. स्पर्श कळला नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. आपल्या गोंदिया जिल्ह्यात कुष्ठरोग अजून आहे. औषध मोफत मिळते. 6 किंवा 12 महिन्यांत रोग बरा होतो. उशीर झाला, तर मज्जातंतू निकामी होऊन बोटे वाकतात. म्हणून डाग दिसला, की आईला दाखवा.