आवाजाचं मोल

घरात मुलं कॉम्प्युटरवर गेम खेळायला बसली की आपलं वाक्य ठरलेलं, ‘अरे, तो आवाज कमी कर आधी!’ स्वयंपाकघरापर्यंत बंदुकांचा धडधडाट येतो, किंकाळ्या येतात आणि मध्येच एखाद्या बाईचं ठसक्यातलं इंग्रजी बोलणं येतं. आपल्याला वाटतं, ते सगळं मशीनच करतं. पण मैत्रिणींनो, ती बोलणारी बहुतेक वेळा एक खरीखुरी बाई असते. कुठल्याशा बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, माइकसमोर तासन् तास उभी राहून ती ते बोललेली असते.

जेनिफर हेल ही त्यांतली एक नामवंत. जन्म १९६५ चा, कॅनडातला. वाढली मात्र अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात. नाटकाचं शिक्षण घेतलं, पुढे कार्टून मालिकांना आवाज द्यायला लागली. २००२ मध्ये आलेल्या डिस्नेच्या ‘सिंड्रेला’च्या दुसऱ्या भागात सिंड्रेला बोलते ती तिच्याच आवाजात. आणि तीच बाई व्हिडिओ गेममध्ये सैन्याची कमांडर होते! २०१३ मध्ये गिनेस बुकानं सर्वाधिक व्हिडिओ गेम्सना आवाज देणारी स्त्री म्हणून तिची नोंद केली.

ही कमांडर म्हणजे ‘मास इफेक्ट’ या गेममधली शेपर्ड. पहिला भाग आला २००७ मध्ये. खेळणाऱ्यानं सुरुवातीलाच ठरवायचं, आपला शेपर्ड पुरुष हवा की बाई. पुरुषाचा आवाज मार्क मीर यांचा, बाईचा जेनिफरचा. बाई निवडली तरी कथा तीच, युद्ध तेच, हुकूम सोडायचा अधिकारही तोच. पण वेष्टनावर आणि जाहिरातीत चेहरा झळकायचा तो पुरुषाचाच. २०१२ च्या तिसऱ्या भागाच्या वेळी कुठे बाई-कमांडरला वेष्टनाच्या उलट्या बाजूला जागा मिळाली. तरी तिला निवडणारे कमी नव्हते. २०२१ मध्ये हे तिन्ही भाग पुन्हा एकत्र आले, तेव्हा कंपनीनं जाहीर केलेल्या आकड्यांत ३२ टक्के खेळाडूंनी बाईच निवडली होती.

आता हे काम चालतं कसं, तेही ऐका. सिनेमाच्या डबिंगमध्ये समोर पडदा असतो. इथे पुष्कळदा समोर फक्त कागद. सहकलाकारही शेजारी नसतो. खेळणारा कुठलं उत्तर निवडेल ते माहीत नाही, म्हणून एकाच प्रसंगाची रागातली, समजुतीची, थंडपणाची अशी सगळी वाक्यं बोलून ठेवायची. अशी हजारो वाक्यं! शिवाय मार लागल्याचं कण्हणं, उंचावरून पडल्याची किंकाळी, मरतानाची धाप, हेही कुणीतरी करायचंच. ‘मेट्रॉइड प्राइम’ या २००२ च्या गेममध्ये नायिका सॅमस काही बोलत नाही. तिचे ते हुंकार आणि किंकाळ्या जेनिफरच्या आहेत. चार-चार तास असं ओरडल्यावर घशाचं काय होत असेल? घरी दिवसभर मुलांच्या मागे ओरडून संध्याकाळी घसा बसतो तो आपल्याला ठाऊकच आहे.

म्हणूनच २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेनं मोठ्या गेम कंपन्यांविरुद्ध संप पुकारला. मागण्या साध्या होत्या. घशावर ताण येणारं काम दोन तासांपेक्षा जास्त नको. कुठल्या गेमसाठी बोलतोय ते आधी सांगा. आणि गेम लाखोंनी खपला तर त्यात आमचाही थोडा वाटा ठेवा. जेनिफरचं नाव तोवर मोठं झालं होतं, तिला गप्प बसून चाललं असतं. पण ती उघडपणे संपाच्या बाजूनं बोलली. संप ३४० दिवस चालला. विक्रीतला वाटा काही मिळाला नाही, मात्र प्रत्येक कामाच्या बैठकीमागे जादा रक्कम मिळाली. पहिल्या बैठकीला ७५ डॉलर, दहा बैठकी झाल्या की एकूण २१०० डॉलर.

हे सगळं वाचताना मला आमच्या गावातली एक मुलगी आठवत होती. आवाज खणखणीत. एका दुकानदारानं तिच्याकडून सेलची जाहिरात बोलून घेतली आणि तीनशे रुपये हातावर ठेवले. रिक्षावर भोंगा लावून तो आवाज गावभर फिरला. पुढच्या दिवाळीलाही फिरला, त्याच्या पुढच्याही. फक्त तारीख दुसऱ्या कुणाकडून बोलून मध्ये जोडली. ती विचारायला गेली तर उत्तर मिळालं, ‘तू कुठे रोज येऊन बोलतेस?’ मी तिच्याबरोबर पुन्हा गेले, पण आमच्याकडे कागद कुठे होता? शेवटी हात हलवत परत आलो.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. साठच्या दशकात लतादीदींनी गायकालाही रेकॉर्डच्या उत्पन्नातला वाटा मिळावा म्हणून आग्रह धरला होता. त्यावरून रफीसाहेबांशी मतभेद झाले आणि काही वर्षं दोघं एकत्र गायलेही नाहीत. लतादीदींना त्यासाठी झगडावं लागलं, तिथे आमच्या गावातल्या मुलीची काय कथा!

आणि आता तर आवाजाची नक्कलच करणारी मशीन आली आहेत. थोडंसं बोलणं ऐकवलं की ते त्याच आवाजात काहीही बोलतात. याच काळजीनं जुलै २०२४ मध्ये गेमच्या कलाकारांनी पुन्हा संप केला. जून २०२५ मध्ये तो थांबला, पुढच्याच महिन्यात करार मंजूर झाला. आवाजाची डिजिटल नक्कल करायची तर कलाकाराला आधी सांगा आणि त्याची संमती घ्या, हे त्यातून पदरात पडलं. आपल्याकडेही सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आशाताईंच्या आवाजाची अशी विनापरवाना नक्कल करायला मनाई केली.

मोठ्यांसाठी कोर्ट आहे, संघटना आहे. आपल्या लेकीबाळींचं काय? आज कितीतरी मुली जाहिरातींना, मोबाइलवरच्या व्हिडिओंना, गोष्टींना आवाज देतात. त्यांना घरातून एवढं तरी सांगायला हवं. काम घेण्याआधी चार गोष्टी विचार. आवाज कुठे वापरणार? किती दिवस? पुन्हा वापरला तर किती देणार? मशीनकडून नक्कल तर करणार नाही ना? आणि जे ठरेल ते कागदावर लिहून, सही घेऊन ठेव.

‘नुसतं बोलायचं तर आहे, त्याचे कसले पैसे?’ असं कुणी म्हणालं, तर तिनं शांतपणे उत्तर द्यावं, ‘मग तुम्हीच बोला ना!’