हातसंगणकाची पारख

शेतावर नवे अवजार आले की अनुभवी शेतकरी प्रथम ते उचलून पाहतो. दांडा हातात नीट बसतो की नाही, फाळ गावच्या लोहाराला पाजविता येईल की नाही, आपल्या जमिनीत ते ओढण्यास बैलांना किती जोर लागेल, हे प्रश्न तो आधी विचारतो. किंमत तो मागाहून विचारतो. स्वस्त म्हणून आणलेले अवजार ऐन पेरणीत मोडले तर त्याची खरी किंमत दुकानातल्या पावतीवर नव्हे, हुकलेल्या वाफशावर मोजावी लागते, हे त्याला पक्के ठाऊक असते.

हीच पारख आता आणखी एका अवजाराला लावण्याची वेळ आली आहे. ते म्हणजे हातात मावणारा संगणक. पिकांच्या नोंदी, दूध संकलनाचा हिशेब, बचत गटाची खाती, शेतकरी उत्पादक कंपनीची मालखरेदी ही कामे आज गावोगावी लहान यंत्रांवर होऊ लागली आहेत. कमी किमतीची यंत्रे बाजारात पुष्कळ आहेत. त्यांतले कोणते घ्यावे, याचा निर्णय संस्थेच्या चिटणीसाला किंवा गावपातळीवरील कार्यकर्त्याला करावा लागतो. या निर्णयास सुमारे 20 वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या कर्नाटकात झालेला एक प्रयोग फार उपयोगी पडण्यासारखा आहे. तो प्रयोग म्हणजे सिम्प्युटर.

खिशातील वही

1996 साली अमेरिकेत पाम पायलट नावाचे हातयंत्र विक्रीस आले. पत्ते, दैनंदिनी, टिपणे व लहानसहान हिशेब ठेवण्यासाठी ते केलेले होते. त्याला कळफलक नव्हता. पडद्यावर लहान लेखणी टेकवून काम करावयाचे असे. व्यापारी व अधिकारी वर्गात अशा यंत्रांचा पुष्कळ प्रसार झाला. पुढे 2002 साली त्याच घराण्यातले पाम झायर हे यंत्र केवळ 99 डॉलरला मिळू लागले. त्या वेळच्या दराने ही रक्कम 5,000 रुपयांच्या आत भरत असे.

किमतीच्या दृष्टीने झायर आकर्षक होते. परंतु ते ज्याच्या घरी किंवा कचेरीत मोठा संगणक आहे, अशाच माणसासाठी बनविलेले होते. त्याची स्मृती 2 मेगाबाइट होती आणि तीत भरलेली माहिती वीज असेपर्यंतच टिकत असे. विद्युतघट पूर्ण उतरला की नोंदी पुसल्या जात. म्हणून माहितीची प्रत वरचेवर मोठ्या संगणकावर उतरवून ठेवणे आवश्यक होते. अक्षरे लिहावयाची ती रोमन लिपीत, आणि तीही यंत्राला कळतील अशा ठरावीक वळणाने. कचेरीतल्या माणसाला यात अडचण नव्हती. ज्या गावी वीज दिवसभर गेलेली असे आणि मोठा संगणक तालुक्याच्या ठिकाणीच असे, त्या गावी मात्र आठवड्याच्या नोंदी एका रात्रीत नाहीशा होण्याचा धोका होता.

बंगळूरचा प्रयत्न

सिम्प्युटरची कल्पना या उलट टोकापासून सुरू झाली. 1998 साली बंगळूर येथे विकसनशील देशांसाठी माहिती तंत्रज्ञान या विषयावर एक परिषद भरली होती. तेथील विचारातून भारतीय विज्ञान संस्थेचे विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे अध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या संस्थेतील विनय देशपांडे व त्यांचे सहकारी एकत्र आले. त्यांनी सिम्प्युटर ट्रस्ट नावाचा न्यास स्थापन केला. साधा, स्वस्त व बहुभाषी संगणक असा अर्थ यंत्राच्या नावातच गोवलेला होता. एप्रिल 2001 मध्ये त्याचा नमुना लोकांपुढे ठेवण्यात आला. किंमत सुमारे 9,000 रुपये असावी, असे उद्दिष्ट होते.

यंत्रात 206 मेगाहर्ट्झ गतीचा प्रक्रियक, 32 मेगाबाइट कार्यस्मृती आणि 320 गुणिले 240 ठिपक्यांचा एकरंगी पडदा होता. लिनक्स ही खुली प्रणाली त्यावर चाले. वीज गेली तरी माहिती टिकून राहावी यासाठी वेगळी कायमची स्मृती होती. मूळ आराखड्यात ते तीन लहान पेन्सिल सेलवर चालावे, अशी योजना होती. पडद्यावरील चित्रांना स्पर्श करून काम चालवावे आणि भारतीय भाषांतील मजकूर यंत्राने वाचून दाखवावा, हाही हेतू होता. ज्याला वाचता येत नाही त्यालाही माहिती मिळावी, हा विचार त्यामागे होता.

यांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्मार्ट कार्डाची खाच. प्रत्येक कुटुंबाला 9,000 रुपये परवडणार नाहीत, हे योजकांनी आरंभीच मान्य केले होते. म्हणून यंत्र गावाचे आणि कार्ड ज्याचे त्याचे, अशी रचना त्यांनी केली. पंचायतीने, शाळेने किंवा दुकानदाराने यंत्र ठेवावे. गावकऱ्याने आपले कार्ड त्यात घालून आपली माहिती पाहावी, आणि काम झाल्यावर कार्ड घरी न्यावे. मळणीयंत्र एकाचे असते, पण खळे अनेकांची उठतात, त्यातलाच हा प्रकार होय.

पारख कोणत्या कसोट्यांवर करावी

या दोन यंत्रांची तुलना केली म्हणजे स्वस्त हातसंगणक तपासण्याच्या पाच कसोट्या हाती येतात. आजच्या मोबाईललाही त्या तितक्याच लागू पडतात.

पहिली कसोटी उन्हाची. दुकानात झगझगीत दिसणारा पडदा भर दुपारी शेतात अंधूक होऊ शकतो. जुन्या यंत्रांचे साधे एकरंगी पडदे बाहेरच्या उजेडातच अधिक स्पष्ट वाचता येत असत. यंत्र घेण्यापूर्वी ते दुपारी उघड्यावर न्यावे आणि गट क्रमांकाचे आकडे हाताची सावली न करता वाचता येतात काय, ते पाहावे.

दुसरी कसोटी विजेची. यंत्र एका भरणीवर किती तास चालते हे डब्यावर छापलेले असते, पण ते सोयीच्या परिस्थितीतले असते. सकाळी घट पूर्ण भरून दिवसभर प्रत्यक्ष नोंदी कराव्यात आणि सायंकाळी किती वीज उरली ते पाहावे. घट बदलता येतो की यंत्रातच बसविलेला आहे, हेही विचारावे.

तिसरी कसोटी माहितीच्या सुरक्षिततेची. एखादी नोंद अर्धी भरलेली असता यंत्र मुद्दाम बंद करावे व पुन्हा सुरू करून ती सापडते काय, ते तपासावे. जेथे मोबाईलचे जाळे पोहोचत नाही अशा शिवारात नोंद करून पाहावी. जाळे नसताना यंत्र नोंद जपून ठेवते आणि गावात आल्यावर पुढे पाठविते, की ती गमावून बसते, यावरच त्याची खरी लायकी ठरते.

चौथी कसोटी भाषेची व हाताची. मातीने भरलेल्या किंवा ओल्या बोटांनी पडदा ऐकतो काय? मराठी मजकूर शुद्ध उमटतो काय? पिकांची नावे व मापे शेतकरी बोलतात त्या शब्दांत आहेत काय? ज्याने यंत्र कधी हाताळलेले नाही अशा एखाद्या वडीलधाऱ्या शेतकऱ्याच्या हाती ते द्यावे आणि शेजारी गप्प बसून पाहावे. तो जेथे अडखळेल, तेथे दोष बहुधा यंत्राचा असतो, शेतकऱ्याचा नव्हे.

पाचवी कसोटी दुरुस्तीची. पडदा फुटला किंवा घट निकामी झाला तर तो तालुक्याच्या गावी मिळेल काय, किती दिवसांत व किती रुपयांत, हे खरेदीपूर्वीच लिहून घ्यावे.

खर्चाचा खरा हिशेब

किमतीचा विचार या पाच कसोट्यांनंतर करावा, आणि तो वर्षाच्या हिशेबाने करावा. उदाहरणार्थ, समजा एक यंत्र 10,000 रुपयांचे आहे व ते 4 वर्षे टिकते. म्हणजे वर्षाला 2,500 रुपये झाले. घट व किरकोळ दुरुस्तीचे वर्षाला 500 रुपये धरले तर एकूण 3,000 रुपये होतात. समजा दुसरे यंत्र 5,000 रुपयांचे आहे, पण वर्षभरातच निरुपयोगी होते. त्याचा वार्षिक खर्च दुरुस्ती न धरताही 5,000 रुपये पडतो. निम्म्या किमतीचे यंत्र असे अधिक महाग ठरते.

आता पहिले यंत्र 150 कुटुंबांनी मिळून वापरले, तर प्रत्येक कुटुंबावर वर्षाला 20 रुपयांचा भार येतो. सिम्प्युटरच्या योजकांचा कार्डाचा विचार याच हिशेबावर उभा होता. यंत्र स्वस्त करण्याला मर्यादा असते. ते अनेकांच्या उपयोगी आणण्याला तितकी मर्यादा नसते.

चुकीच्या नोंदीची किंमत

कर्नाटकात भूमी योजनेखाली जमिनीचे अभिलेख संगणकावर आणण्यात आले. तेथील शेतकरी आपल्या उताऱ्याला पहाणी म्हणतात. या अभिलेखांसाठी माहिती गोळा करण्याच्या कामी कर्नाटक शासनाने सिम्प्युटरचा उपयोग केला. त्यामागील कारण ग्रामकार्यकर्त्यांना सहज समजेल. शेतात कागदावर टिपलेली नोंद कचेरीत वहीत उतरवावयाची आणि तेथून संगणकात भरावयाची, अशा पद्धतीत प्रत्येक वेळी उतरवताना चूक शिरण्यास वाव असतो. नोंद शेताच्या बांधावर एकदाच झाली तर हा वाव कमी होतो.

कागदावर ही चूक एका शब्दाची दिसते, पण तिचे परिणाम गंभीर असतात. कापसाच्या जागी सोयाबीन लिहिले गेले, किंवा पेरलेले क्षेत्र पड म्हणून दाखविले गेले, तर पीककर्ज, पीकविमा व अतिवृष्टीनंतरची नुकसानभरपाई या तिन्ही ठिकाणी शेतकरी अडतो. ज्या वर्षी पीक हातचे गेलेले असते, नेमक्या त्याच वर्षी त्याला उताऱ्यावरील नोंदीची गरज पडते. म्हणून नोंद घेणाऱ्या यंत्राची पारख ही चैनीची बाब नसून पोटापाण्याची बाब आहे.

प्रयोग मागे का पडला

इतका विचार करून बनविलेले यंत्र सर्वत्र का पोहोचले नाही, हेही समजून घेणे आवश्यक आहे. बाजारात येण्यास त्याला 2004 साल उजाडले. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमिडा सिम्प्युटर विक्रीस आला. त्याचे उत्पादन भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने केले. एकरंगी यंत्राची किंमत सुमारे 10,000 रुपये व रंगीत यंत्राची सुमारे 20,000 रुपये होती. मोठ्या संख्येने मागणी आल्यावाचून किंमत उतरत नाही, आणि किंमत उतरल्यावाचून मागणी वाढत नाही, असा पेच पडला. विक्री अपेक्षेहून फार कमी राहिली.

दरम्यान मोबाईल फोन स्वस्त होत होता. 2003 पासून येणाऱ्या कॉलसाठी पैसे पडेनासे झाले आणि फोन सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. फोनने दूरच्या नातेवाइकाशी बोलता येत असे, बाजारभाव विचारता येत असे. त्याचा उपयोग कोणी समजावून सांगावा लागत नव्हता. सिम्प्युटरचा उपयोग मात्र त्यावर चालणाऱ्या योजनेवर अवलंबून होता. ज्या गावी योजना नव्हती, तेथे ते यंत्र म्हणजे जू नसलेला नांगर होता. ग्रामकार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा सर्वांत मोठा धडा हाच आहे. आधी काम ठरवावे, नंतर यंत्र निवडावे.

आजचा उपयोग

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र घेऊन नोंद करू लागला. ज्याच्याजवळ असा मोबाईल नाही, त्याची नोंद दुसऱ्याच्या मोबाईलवरून करता यावी, अशी सोयही ठेवण्यात आली. यंत्र एकाचे व नोंद ज्याची त्याची, हा सिम्प्युटरचा विचार येथे वेगळ्या रूपाने उपयोगी पडला, असे म्हणता येईल.

ज्या संस्थांना नवी यंत्रे घ्यावयाची आहेत, त्यांनी एकदम सर्व खरेदी करू नये. पेरणीपूर्वी आपण ओल्या गोणपाटात मोजके 100 दाणे ठेवून बियाण्याची उगवणशक्ती पाहतो. त्याचप्रमाणे प्रथम एकच यंत्र आणावे. आठ दिवस ते प्रत्यक्ष शिवारात वापरावे. वरील पाच कसोट्यांचा निकाल वहीत लिहावा आणि तो सभासदांच्या बैठकीत वाचून दाखवावा. ज्या कार्यकर्त्याला ते रोज वापरावयाचे आहे, त्याचे मत सर्वांत आधी घ्यावे. नोंद करून झाल्यावर ती पडद्यावर त्या शेतकऱ्याला दाखवावी, वाचता येत नसल्यास वाचून दाखवावी, आणि त्याने होय म्हटल्यावरच पुढे पाठवावी.

शंभरातले दाणे उगवले नाहीत, तर पोते कितीही स्वस्त मिळाले तरी शहाणा शेतकरी ते परत करतो. आठ दिवसांच्या परीक्षेत न टिकलेले यंत्रही तसेच निःसंकोचपणे परत करावे.