स्फूर्तिवचनांची कसोटी : अमेरिका आणि नगर जिल्हा

अमेरिकेचा राष्ट्राभिमान एका वंशाच्या, धर्माच्या किंवा प्राचीन राजघराण्याच्या आधाराने वाढलेला नाही. युरोपातून वेगवेगळ्या काळी आलेली माणसे, गुलाम म्हणून आणले गेलेले आफ्रिकी आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी यांना एका राष्ट्रात बांधण्यासाठी तिथे काही मोजक्या वचनांना विलक्षण महत्त्व आले. ही वचने मुले शाळेत पाठ करतात, स्मारकांच्या भिंतींवर ती कोरलेली असतात आणि राष्ट्राध्यक्ष शपथविधीच्या भाषणात त्यांचा आधार घेतात. त्यांचा प्रवास महाराष्ट्रापर्यंतही झाला आणि त्यातला एक महत्त्वाचा टप्पा नगर जिल्ह्यात आहे.

यांतली पहिली वचने स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावरची. २३ मार्च १७७५ रोजी रिचमंडच्या सेंट जॉन चर्चमध्ये पॅट्रिक हेन्री यांनी व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींपुढे भाषण केले. स्वातंत्र्य मिळणार नसेल तर मरण पत्करू, हा त्यांचा निर्धार आजही अमेरिकी माणसाच्या ओठांवर असतो. मात्र त्या भाषणाची लेखी प्रत नव्हती. आज प्रसिद्ध असलेला मजकूर विल्यम वर्ट यांनी १८१७ साली छापलेल्या हेन्रींच्या चरित्रातला असून तो श्रोत्यांच्या आठवणींवरून जुळवलेला आहे. इंग्रजांनी १७७६ साली फाशी दिलेल्या नेथन हेल या तरुण शिक्षकाचे अखेरचे शब्दही वेगवेगळ्या रूपांत सांगितले जातात. स्फूर्तिवचन एकाच्या तोंडून निघते, पण त्याला घडीव रूप अनेकदा समाजाच्या स्मृतीत मिळते.

४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फिया येथे स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. सर्व माणसे जन्मतः समान आहेत आणि जगणे, स्वातंत्र्य व सुखाचा शोध हे त्यांचे हक्क कोणालाही हिरावून घेता येत नाहीत, ही त्याची मध्यवर्ती भूमिका. मसुदा थॉमस जेफरसन यांचा. त्यांच्या मालकीत आयुष्यभरात ६०० हून अधिक गुलाम होते. अमेरिकी राष्ट्राभिमानाची मोठी कसोटी इथूनच सुरू होते.

ती कसोटी सर्वांत धारदार शब्दांत मांडली फ्रेडरिक डग्लस यांनी. गुलामगिरीतून पळून सुटलेला हा वक्ता ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे बोलला. स्वातंत्र्याच्या या सणाचा गुलामाशी काय संबंध, असा त्यांचा सवाल होता. तरीही त्यांनी जाहीरनामा झिडकारला नाही. त्यातली तत्त्वे तारक आहेत, ती पाळा, असेच त्यांनी देशाला बजावले. पुढे यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला गेटिसबर्गच्या रणभूमीवर त्यांनी अवघ्या दोन-तीन मिनिटांच्या भाषणात देशाला १७७६ च्या समतेच्या वचनाची आठवण करून दिली. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने देशभर गुलामगिरी संपली.

या घटनांकडे पुण्यात बसून बारकाईने पाहणारा एक माणूस होता : जोतीराव फुले. त्यांचा अमेरिकेशी संबंध दोन वाटांनी आला. पहिली वाट पुस्तकाची. थॉमस पेन हे मूळचे इंग्लंडचे. १७७४ साली ते अमेरिकेत आले आणि १७७६ च्या आरंभी त्यांनी लिहिलेल्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने तिथल्या सामान्य माणसाला स्वातंत्र्याच्या बाजूने उभे केले. पेन यांचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ फुले यांनी तरुणपणी वाचला आणि त्यांच्या विचारांवर त्याचा खोल ठसा उमटला.

दुसरी वाट नगरची. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे केंद्र सुरू केले. त्यानंतर याच जिल्ह्यातल्या राहुरीलाही मिशनचे ठाणे झाले. नगरच्या मुलींच्या शाळा सिंथिया फरार ही अमेरिकी शिक्षिका चालवीत असे. त्या शाळा पाहून फुले प्रभावित झाले आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी अध्यापनाचे धडे नगरला फरारबाईंच्या संस्थेत घेतले.

या ऋणाची जाहीर नोंद १८७३ साली झाली. फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केला. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल अर्पणपत्रिकेत आदर व्यक्त केला आहे आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा मांडली आहे. फुले यांनी अमेरिकेच्या शस्त्रांचा किंवा संपत्तीचा गौरव केला नाही. दिलेले वचन पाळण्यासाठी लोकांनी सोसलेल्या कष्टांचा त्यांनी गौरव केला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला.

राष्ट्र कशाने बनते, या प्रश्नाला नगरच्याच भूमीवरून एक उत्तर मिळाले. होमरूल चळवळीच्या प्रचारासाठी लोकमान्य टिळक ३१ मे आणि १ जून १९१६ रोजी नगरला मराठीतून बोलले. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क, ही त्यांची घोषणा याच पर्वात देशभर पोचली. नगरच्या भाषणात त्यांनी परका कोणाला म्हणावे, याचा उलगडा केला. परकेपणा कातडीच्या रंगात किंवा धर्मात नसतो. जो या देशाच्या हितासाठी झटतो तो आपला, मग तो मुसलमान असो वा इंग्रज, असे त्यांचे म्हणणे होते. नगरच्या मुसलमान राजांनाही त्यांनी परके मानले नाही. नगरची दोन आणि बेळगावचे एक अशा तीन भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. त्यांची बाजू बॅरिस्टर जिना यांनी मांडली होती.

राष्ट्राभिमानाचे रोजच्या परिचयाचे रूप म्हणजे शाळेतली प्रतिज्ञा. अमेरिकेत ध्वजनिष्ठेची प्रतिज्ञा १८९२ साली फ्रान्सिस बेलामी यांनी लिहिली. भारताची प्रतिज्ञा १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत रचली. तिचा मराठी अनुवाद महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभी छापलेला असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, ध्वजवंदनाची सक्ती विद्यार्थ्यांवर करता येणार नाही असा निर्णय दिला. भारतात १९८६ साली केरळमधील तीन मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसाच न्याय केला. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे ते गात नसत. दोन्ही निकालांचा भावार्थ एकच : देशप्रेम मनातून यावे लागते.

उदात्त शब्दांमागे काम उभे राहिले की त्यांना बळ येते. याचे उदाहरण राहुरीतच आहे. यादवी युद्ध चालू असताना, २ जुलै १८६२ रोजी, लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. सरकारी जमिनींच्या आधारे प्रत्येक राज्यात शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढण्याची सोय त्यात होती. शेतकरी-कामकऱ्यांच्या मुलांना त्याने उच्च शिक्षणाची दारे उघडली. अध्यापन, संशोधन आणि शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोचवणे ही तिन्ही कामे एकाच छत्राखाली करण्याची पद्धत त्या परंपरेत रुजली. भारतातील कृषी विद्यापीठांनी हाच नमुना स्वीकारला. त्यांतले पहिले १९६० साली पंतनगरला निघाले. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या विद्यापीठाला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. शेतकऱ्याच्या दैन्यावर ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या फुले यांच्या विचाराला साजेसेच हे काम आहे. विद्येअभावी शूद्र खचले, ही त्यांची व्यथा होती. शेतकऱ्याच्या घरातील मूल इथे कृषिशास्त्र शिकते आणि विद्यापीठाने शोधलेले वाण गावोगावच्या शेतात पेरले जाते, तेव्हा त्या व्यथेवर प्रत्यक्ष उपाय होत असतो.